लाइट गेली की संप सांडतो! घरगुती रेफ्युजियमवाल्यांनी मदत करा

तापीकाठ (भुसावळ) | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे, ३६ बाय १८, उंची १८ इंच. एंजल, थोडे टेट्रा, तळाला कोरी. खाली स्टँडच्या कपाटात जुन्या दोन फुटी टँकचा संप (वरच्या टँकचं पाणी जिथे उतरतं ती खालची टाकी) केलाय, २४ बाय १२, उंची १२. मधल्या पडद्यांच्या काचा काचवाल्याकडून कापून आणल्या, सिलिकॉन मीच लावलं. मधला कप्पा म्हणजे रेफ्युजियम: दोन बोटं वाळू, हॉर्नवर्ट, वर डकवीड, आणि चेरी झिंगे. झिंगे वर सोडले की एंजल त्यांचा नाश्ता करतात, म्हणून त्यांना हा आसरा. वनस्पती नायट्रेट ओढून घेतात, पाणी बदलायचं काम निम्म्यावर आलंय.

वरच्या कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लो बॉक्समधून पाणी खाली येतं, ताशी १५०० लिटरचा पंप ते परत वर फेकतो. बसवलं तेव्हा पंप बंद करून पाहिलं होतं. संप काठाच्या तीन बोटं खाली थांबला होता. त्यानंतर चार महिन्यांत लाइट कितीदा गेली असेल, थेंब सांडला नाही.

परवा रात्री वादळ झालं. दीडच्या सुमारास लाइट गेली, पहाटे कधीतरी आली. पाचला उठलो तर पायाखाली पचपच. फरशीवर पाणी, सतरंजी भिजलेली, आणि पंप घरघर करत हवा ओढतोय. बायको काही बोलली नाही. तिनं फक्त पोछा माझ्या हातात दिला.

काहीच बदललेलं नाही, मग आताच का सांडला?

नुसताच_वाचक | रात्री १०:०५

विषयात 'लाइट' आणि 'संप' एकत्र वाचून वाटलं वीज कर्मचाऱ्यांचा संप आहे. आत येऊन बघतो तर मासे.

गप्पीवाला (जळगाव) | रात्री १०:१२

इन्व्हर्टर घ्या भाऊ, पंप त्यावर टाका. विषय संपला.

तापीकाठ | रात्री १०:२०

इन्व्हर्टर आहे. पण जुना, स्क्वेअर वेव्हवाला. त्यावर पंप भुणभुणतो आणि हात लावला तर गरम लागतो, म्हणून काढून टाकला. घरात दोन पंखे आणि वायफाय एवढंच त्यावर.

पांझरेचा_पाटकरी (धुळे) | रात्री १०:४१

भाऊ, आधी एक सांगा. पाणी कपाटाच्या आत होतं, की टँकच्या बाहेरच्या काचेवरून ओघळ आले होते?

आमच्या अहिराणीत सांगायचं तर, लाइट गयी तं खाले, ऊनी तं वरे. म्हणजे वीज जाते तेव्हा खालचा संप सांडतो आणि येते तेव्हा वरचा टँक. दोन्ही पूर वेगळे, कारणं वेगळी, उपायही वेगळे. लोक दोन्हींची खिचडी करतात आणि नको तिथे व्हॉल्व लावत बसतात.

तापीकाठ | रात्री १०:५५

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. कपाटाचा तळ फुगलाय, प्लायचा कोपरा सुटलाय. वरची काच बाहेरून कोरडी, तिच्यावर जुनी धूळ तशीच आहे. म्हणजे खालीच सांडलं.

जाता जाता: एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाशीच ठेवलेला असतो. नशीब, एका कडेला होता.

सातपुड्याची (शहादा) | रात्री ११:०२

भाऊ, ते 'जाता जाता' सगळ्यात आधी सोडवा. पाणी कमी-जास्त सांडेल, पुसता येईल. बोर्ड आजच्या आज उचलून कपाटाच्या वरच्या फळीला स्क्रूनं मारा. पंपाची वायर बोर्डात सरळ जाऊ देऊ नका. बोर्डाच्या खाली एक झोळ सोडून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पंपात हात घालणारे मी घरातच पाहिलेत.

पांझरेचा_पाटकरी | रात्री ११:३०

ताईंना +१. आता पाण्याचा हिशेब.

आमचं गाव पांझरेच्या काठी. आजोबा फडात पाटकरी होते, नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट काढून ज्याच्या त्याच्या वाट्याचं पाणी सोडायचं काम. जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा असतो. तुमच्या ओव्हरफ्लो बॉक्सची दातेरी कड म्हणजे सांडवाच. पंप बंद झाला की पाणी सांडव्याच्या कडेपर्यंत उतरतं आणि थांबतं. तिथून धोका नाही.

धोका परतीच्या पाइपचा. पंप चालू असताना तो पाणी वर फेकतो. बंद पडला की तोच पाइप सायफन होतो, पाणी उलटं खाली ओढतो आणि त्याच्या तोंडात हवा शिरेपर्यंत ओढत राहतो. तोंड जितकं खोल बुडालेलं, तितकं पाणी खाली. त्याला सांडवा-बिंडवा काही लागत नाही.

वरच्या टँकचं क्षेत्रफळ ३६ गुणिले १८, म्हणजे ६४८ चौरस इंच. संपाचं २४ गुणिले १२, म्हणजे २८८. वर एक इंच उतरलं की खाली सव्वादोन इंच चढतं. लिटरमध्ये वरचा प्रत्येक इंच साधारण साडेदहा लिटर.

सांगा: परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली किती? चालू असताना संपात पाणी किती? आणि पाइपला हवा शिरून सायफन तोडायचं भोक आहे का?

तापीकाठ | रात्री ११:४८

तोंड तीन इंच खाली. तळाशी प्रवाह फिरावा म्हणून मुद्दाम खोल घेतलं. संपात सरासरी सात इंच. भोक आहे, पृष्ठभागाच्या एक इंच खाली. दाभण गॅसवर तापवून पाडलेलं, दोनेक मिलिमीटर असेल.

पांझरेचा_पाटकरी | रात्री १२:१०

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

भोक उघडं असेल तर वर एक इंच उतरणार, खाली सव्वादोन चढणार, पाइप आणि बॉक्समधलं मिळून आणखी पाव इंच. सात अधिक अडीच, साडेनऊ. बारा इंचाच्या संपात अडीच इंच शिल्लक. तुम्ही म्हणालात तीच तीन बोटं.

भोक बंद असेल तर तीन इंच उतरणार, खाली पावणेसात चढणार, वरचं पाव धरून सात. सात आणि सात चौदा. संप बाराचा. दोन इंच बाहेर, म्हणजे नऊ-साडेनऊ लिटर फरशीवर.

आणि पहाटे लाइट आल्यावर पंप घरघरत होता ना? रेफ्युजियमची पातळी पडदीच्या काचेनं धरून ठेवलेली असते, तूट सगळी पंपाच्या कप्प्यात येते. तो कप्पा आठ इंच रुंद असेल तर साडेनऊ लिटर म्हणजे तिथले सहा इंच. पंपाला हवेशिवाय काय मिळणार?

भोक बंद झालंय. उद्या बघा.

नुसताच_वाचक | रात्री १२:१४

फिशटँक आहे का हतनूर धरण? पाटकरीभाऊ ४१ दरवाज्यांचा हिशेब दिल्यासारखं लिहून राहिले.

तापीकाठ | रविवार, सकाळी ८:२५

पाटकरी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

पाइप काढून खिडकीशी नेला. भोक दिसेचना. हिरव्या मखमलीसारखं शेवाळ पाइपभर, आणि भोकाच्या जागी मोहरीएवढी गोगलगाय. नुसती बसलेली नाही, तोंडानं भोकावर चिकटलेली, कवच बरोब्बर बुचासारखं. पिनेनं सरकवली तर आत शेवाळाची दुसरी गोळी. त्या दाण्यानं माझ्या कपाटाचा प्लाय खाल्ला.

पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाकावा म्हणतोय. दुकानदारही तेच म्हणतो.

खारं_पाणी (मूळ अमळनेर, सध्या ठाणे) | सकाळी ९:४०

व्हॉल्ववर भरवसा ठेवू नका. माझा समुद्री टँक आहे, हा धडा मी दोनदा गिरवलाय. व्हॉल्वच्या झडपेत वाळूचा एक कण, शेवाळाचा धागा किंवा क्षाराचा थर अडकला की ती पूर्ण मिटत नाही. थेंब थेंब गळत राहते. दहा मिनिटांच्या चाचणीत कळत नाही, सहा तासांच्या अंधारात कळतं. तुमचं बोअरचं पाणी असेल तर क्षार विचारूच नका. शिवाय तो पंपाचा जोरही थोडा खातो. लावायचाच असेल तर जादाचा म्हणून लावा, हिशेबात धरू नका.

भोकाचंही तेच. माझ्याकडे ते गुलाबी चुनखडी शेवाळानं बुजतं, तुमच्याकडे गोगलगायीनं. भोक ठेवा, मोठं करा, दोन ठेवा, पण संप असा भरा की दोन्ही बुजली तरी सांडणार नाही.

म्हणजे पाइपचं तोंडच वर घ्या. पृष्ठभागाच्या जेमतेम इंचभर खाली, थोडं तिरपं. तळाशी प्रवाह हवा तर पाचशे रुपड्यांचा छोटा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंखा) टाका, ते काम परतीच्या पाइपचं नाही.

गप्पीवाला | सकाळी १०:०२

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा साइन वेव्ह इन्व्हर्टर बरा नाही का? ४० वॉटचा पंप १५० एएचच्या बॅटरीवर रात्रभर चालेल. उगाच पाइप कापाकापी.

खारं_पाणी | सकाळी १०:१५

चालेल, आणि घ्याच. पण इन्व्हर्टर पूर टाळत नाही, पुढे ढकलतो. बॅटरी पहाटे चारला संपली तर संप चारला सांडेल. इन्व्हर्टर घ्यायचा तो माशांच्या श्वासासाठी. ३० अंशाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो, २० अंशाला नऊच्या वर. तुमच्याकडे मे महिन्यात पाणी ३० वर जातंच. त्यात रात्री रेफ्युजियममधल्या वनस्पतीही प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे लांबलेल्या अंधारात आधी एअर पंप चालू करा. ५ वॉटचा असतो, जुना इन्व्हर्टरही तो ओढेल.

केळीबागेतून (रावेर) | सकाळी ११:३०

इथं सगळ्यांचं रेफ्युजियम खाली आहे, माझं वर. टँकच्या वर फळीवर प्लास्टिकचा क्रेट, त्यात हायड्रिला वनस्पती आणि डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा. टँकमधून छोटा पंप पाणी वर देतो, क्रेटला बसवलेल्या नळातून ते आपोआप खाली पडतं. मला वाटायचं, आपण उंचावर, आपल्याला पुराची काय भीती.

गेल्या जूनच्या वादळात बागेत केळी आडवी झाली, गावात तारा तुटल्या, चौदा तास लाइट नव्हती. घरी बघतो तर क्रेट रिकामा. पंपाच्या नळीचं तोंड क्रेटच्या तळाशी बुडवलं होतं, तेच सायफन झालं. डॅफ्निया सगळे खाली माशांच्या पोटात, टँक काठोकाठ. सांडलं नाही, कारण उन्हानं टँक आधीच तीन इंच आटला होता. आळस कामी आला.

तेव्हापासून नळीचं तोंड क्रेटच्या पाण्यावर लटकवतो. धार पडल्याचा आवाज येतो, पण हवा कायम आत, सायफन होतच नाही.

तापीकाठ | दुपारी १२:०५

सगळ्यांचे आभार. केळीबागभाऊ, नुकसान मोठं झालं असेल.

आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. पाहुणे विचारतात, दिव्याखाली अंधार कसा? वादळात गल्लीतली तार तुटली तर चिमण्या काय करणार.

सातपुड्याची | दुपारी २:४०

एक प्रकार कुणी लिहिला नाही, माझ्या घरचा आहे.

माझा संप हिशेबानं बांधलेला, तोंड वर, भोकं दोन. तरी एका दुपारी सांडला. पाइप बघितला, स्वच्छ. पंप बंद करून बघितला, संप चार बोटं खाली थांबला. डोकं चालेना. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

मग कळलं. सासूबाई. दुपारी लाइट गेली की टँकमधलं पाणी इंचभर उतरलेलं त्यांना दिसायचं. "उन्हात पाणी आटलं गं, मासे तडफडतील," म्हणून मायेनं बादलीभर पाणी ओतायच्या. वरचं सांडव्याच्या कडेपर्यंत भरलेलंच असतं, ओतलेली बादली तशीच्या तशी खाली. खालचा संप तेव्हा आधीच तुडुंब.

त्यांना दोष कसा देणार, मे महिन्यात पाणी खरंच आटतं. मी काचेवर दोन रेघा काढल्या. निळी म्हणजे पंप चालू असताना, लाल म्हणजे लाइट गेल्यावर. सांगून ठेवलं, पंखा बंद असेल तर टँकमध्ये पाणी घालायचं नाही. पंप चालू आहे की नाही हे त्यांना कळत नाही, पंखा कळतो.

पांझरेचा_पाटकरी | दुपारी ३:१०

"पंखा बंद तर पाणी नाही." ताई, हे आमच्याकडेही लावतो.

आता दुसरा पूर, लाइट आल्यावरचा. तापीकाठभाऊंना तो नाही, कारण त्यांच्या काचेला भोक पाडून बॉक्स बसवलाय. पण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे काच न फोडता काठावर अडकवायचा बॉक्स असतो, यू-नळीचा. त्या नळीच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साठतात. पाण्याचा वेग कमी, नळी जाड, तर लवकर साठतात. माझ्याकडे असंच झालं होतं. लाइट गेली, आली, नळीत हवा, पाणी खाली उतरेना. पंपाला काय कळतंय, तो खालचं सगळं वर फेकत राहिला. दिवाणखान्यात पाट सुटला, आणि घरात पाटकरी झोपलेला.

यू-नळी रोज बघण्यावर विसंबू नका. पंपाचा कप्पा लहान करा. आठ बाय बारा इंचाच्या कप्प्यात पंपाच्या तोंडावर पाच इंच पाणी असेल तर ते झालं पावणेआठ लिटर. तीन फुटी टँक काठापासून एक इंच खाली ठेवला तर वर साडेदहा लिटरची जागा मोकळी. नळी पूर्ण बंद पडली तरी पंप कप्पा उपसून हवा ओढेल, घरघरेल, पण सांडणार नाही. पंप जळेल कदाचित. पंप स्वस्त आहे.

आपोआप पाणी भरणारा फ्लोट लावला असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. कप्पा रिकामा झाला की तो नवं पाणी सोडतच राहतो. फ्लोटला थेट नळ जोडू नका. एखादा दहा लिटरचा कॅन जोडा, आणि तो कॅन धरून वरची जागा मोजा.

नुसताच_वाचक | दुपारी ३:३०

थट्टा करायला आलो होतो. आता घरी जाऊन टेप लावून मोजतोय. माझं तोंड पाच इंच खाली आहे. पाइपचं.

खारं_पाणी | दुपारी ३:४२

पाच इंच? आज रात्री बादली शेजारी ठेवून झोपा.

तापीकाठ | पुढच्या गुरुवारी, रात्री १०:१५

केलेलं काम सांगतो, कुणाच्या कामी आलं तर.

पाइपचं तोंड एक इंचावर आणलं. एल्बो फिरवून धार तिरपी केली, पृष्ठभाग छान हलतो. जुनं भोक साफ करून ड्रिलनं चार मिलिमीटरचं केलं, आणि तोंडाच्या मागच्या बाजूला आणखी एक. मग मुद्दाम दोन्ही भोकांवर टेप मारली आणि पंप बंद केला. पंधरा मिनिटं कपाटासमोर मांडी घालून बसलो, मुलगी घड्याळ लावून. संप साडेनऊला थांबला, भोकं उघडी असताना थांबायचा तिथंच. तिथं लाल रेघ. मग टेप काढली.

बोर्ड वरच्या फळीला गेला, वायरला झोळ दिला. सतरंजी अजून वाळतेय.

गोगलगाय रेफ्युजियममध्येच सोडली. बायकोच्या मते तिला भरिताबरोबर वाढायला हवी होती.

तापीकाठ | त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी ६:५०

काल रात्री परत वादळ. साडेअकरा ते अडीच लाइट नाही. झोप कसली येते, टॉर्च घेऊन जाऊन बसलो. पाणी लाल रेघेशी आलं आणि थांबलं. कपाट कोरडं.

पण लाइट आल्यावर वेगळीच गंमत. पंप चालू झाला आणि लगेच गप्प. संपातलं पाणी पडद्यांच्या वर चढलं तेव्हा डकवीड तरंगत पंपाच्या कप्प्यात गेलं होतं, पंपानं तेच गिळलं. जाळीवर हिरवा लगदा. काढला, धुतला, चालू झाला. त्यावर काही उपाय?

सातपुड्याची | सकाळी ७:२०

शेवटच्या पडदीच्या काचेवर उभी जाळी सिलिकॉननं चिकटवा, लाल रेघेच्या दोन बोटं वर जाईल एवढी. झिंगेही पलीकडे जाणार नाहीत.

तापीकाठ | सकाळी ७:२४

जाळी कुठली वापरता?

सातपुड्याची | सकाळी ७:३१

जुनी मच्छरदाणी. सासूबाईंनी काढून दिली.